सर्वांत मोठा उशीर

फोंड्याच्या भंगारात मिळाला हा कॉम्प्युटर,
पाठीला पंचवीस भोकांचं जुनं पोर्ट,
ज्यातून पूर्वी कुणीतरी बिलं छापत असणार.
सहाशे रुपये. पडदा चालतो, बाकी देव जाणे, म्हणाला भंगारवाला.
खाण बंद झाली तेव्हा मीही असाच निघालो होतो
वजनकाट्याच्या केबिनमधून,
बोटांत चौदा वर्षांचे ट्रकांचे नंबर घेऊन.

सॉफ्टवेअर फुकट.
पेनड्राइव्हवरून उतरलं, आणि उतरताना एक पान दाखवलं:
ह्याची कसलीही हमी नाही,
तुमच्या कामाला येईल ह्याचीसुद्धा नाही.
दोनदा वाचलं. इतकं खरं
मला कुठल्याच साहेबाने सांगितलं नव्हतं.

मग यंत्र जोडण्याआधी परीक्षा.
कॉम्प्युटरला छळायचं. दहा खिडक्या उघडायच्या,
धरून गरागरा फिरवायच्या,
कुठल्यातरी तियात्राचा व्हिडिओ लावायचा,
वर हजार फाइलींची नक्कल,
आणि एवढ्या गलक्यात मोजत बसायचं
की हाकेला ओ द्यायला
त्याला जास्तीत जास्त किती उशीर होतो.
सरासरी कुणी विचारत नाही.
सरासरीने कुणाचं बोट वाचत नाही.

एक लाख चाळीस हजार नॅनोसेकंद.
मग त्याच्या एकेक सवयी बंद करत गेलो,
वीज वाचवायची, मध्येच डुलकी घ्यायची.
रात्री एकला आकडा बारा हजारांवर आला
आणि तिथेच बसून राहिला.
माझा सर्वांत मोठा उशीर मला माहीत आहे.
तो इथे लिहीत नाही.

वायरिंग कायतानचं.
लोटलीहून पूल ओलांडून बोरीला येतो स्कूटरवर,
बत्तीस वर्षं तारवटी, इंजिनरूमचा इलेक्ट्रिशियन,
एक कान कायमचा जहाजावर ठेवून आलेला.
"आदीं ताका घर दाखय," म्हणाला.
कारण चालू झाल्यावर यंत्राला ठाऊक नसतं आपण कुठे आहोत.
ते हळू डावीकडे सरकतं, स्विचला डोकं टेकतं,
किंचित मागे येतं, पुन्हा टेकतं,
आणि तिथून सगळं मोजायला लागतं. शून्य, शून्य, शून्य.
मी हसलो. कायतान हसला नाही.
बोटीवरून उतरलो की पहिला आठवडा
मीही भिंतीला हात लावूनच चालायचो, म्हणाला.

पण रोज अकराला ते अडायचं.
मर्यादा ओलांडली, असा निरोप;
आणि मर्यादा तर हातभर लांब.
तीन दिवस मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या.
चौथ्या दिवशी कळलं, अकराला
वरच्या मजल्यावर शैलजावहिनी हुमणाचं खोबरं वाटतात,
आणि मिक्सर आमच्या तारेत शिरून खोटं बोलतो.

कायतानने तार बदलली. जाळीच्या कवचाची आणली,
जाळी अर्थिंगला बांधली, एकाच टोकाला.
दोन्ही टोकांना बांधली तर?
"तशें केल्यार करंट भोंवत रावता, घरा पावना."

पहिलं अक्षर ळ.
आधी पेन बांधून, कागदावर.
ळला दोन पोटं. प्रत्येक वळणावर दिशा उलटते
आणि स्क्रूच्या आट्यांतली ढील उघडी पडते:
मोटर फिरते, यंत्र हलल्याचं नाटक करतं,
पेन जागच्या जागी.
दोन्ही पोटं चपटी आली, उपाशी माणसाची.
ढील मोजली. शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर.
तेवढी खोट फाइलीत लिहून टाकली,
पुसायची नव्हती, फक्त कबूल करायची होती.

आज फणसाची फळी.
भुसा हळदीसारखा उडतोय, कायतानच्या भुवयांवर बसतोय.
ळचं पहिलं पोट गोल आलं. जवळजवळ गोल.
अकरा वाजले.
वर मिक्सर सुरू झाला.
माझा हात लाल बटणावर,
कायतानचा माझ्या मनगटावर.
वर खोबरं बारीक होत होतं,
खाली बिट दुसऱ्या पोटाकडे वळत होतं.