इतिवृत्त

ग्रिम्सबी. मंगळवार, सकाळचे सव्वादहा.
इतिवृत्त लिहायला मी.
विषय एकच : कोरी, वय तेरा.
खुर्ची फेकली. अकरा वेळा उशीर.
आता पटावरून नाव काढायचं का, एवढंच.

कोरी बाहीचा धागा ओढत बसलेला.
आई आलेली नाही. मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी;
कुणी विचारलं नाही, म्हणून मीही लिहिलं नाही.

तेवढ्यात दार न वाजवताच विल्फ आत.
शाळेची डागडुजी बघणारा, हातात पाना.
म्हणाला, सातला येतो हा बॉयलरच्या खोलीत,
धाकटीला घेऊन. ऊब असते ना तिथं.
पाळणाघर उघडतं नऊला.
तिला पोचवून धावत सुटतो,
आणि तुम्ही त्याला घड्याळ दाखवता.

कुणीतरी खोकलं.
विल्फ छताकडे बघत होता.
तीस वर्षं गळत्या शोधतोय, बाई.
डाग इथं दिसतो,
पाणी भलतीकडेच मुरत असतं.

निर्णयाचा रकाना.
मुख्याध्यापिका म्हणाल्या,
तूर्त ती जागा कोरी ठेवा.

तेव्हा पोरानं पहिल्यांदा मान वर केली.
त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो, म्हणाला,
मी फेकायच्या आधीपासून.

तेही लिहिलं.