पाच पुसला होता

साहेब, मी पेंटर. शपथ घेतलीय, खरं सांगतो.
अक्कलकोट रोडला, विडी कारखान्याच्या फाटकासमोर
तो जो पत्र्याचा फलक आहे, तो माझ्या हातचा.
पन्नास मीच लिहिले होते, सहा वर्षांमागं.
तीसही मीच.
मधली एक रात्र कुणाची, ते तुम्ही ठरवा.

दुपारी चारला शिडी लावली.
घासपेपरनं पाच काढला, पांढऱ्याचा हात मारला.
शून्य तसंच ठेवलं. ते दोन्हीकडं चालतं,
आणि पालिकेनं मजुरी एकाच आकड्याची धरली होती.
काळा रंग डब्याच्या तळाला, साय धरलेला.
म्हटलं, उद्या.
शिडी खांद्यावर घेऊन अशोक चौकात चहा प्यालो.

साडेसातला नर्सूबाई येमूल फाटकाबाहेर आल्या,
छाटात गेलेल्या विड्यांवरून भांडून, म्हणून उशिरा.
सुपात पानाचा भारा.
तिकडून विरेशचा टेम्पो, चादरींचे गठ्ठे लादलेला.
मालकानं बसवलेल्या यंत्रात वेग निघाला सत्तेचाळीस.
काल हाच वेग शहाण्याचा होता.

कंपनीचे वकील म्हणाले, तीसचा फलकच नव्हता,
म्हणजे मर्यादा पन्नास.
बाईंचे वकील म्हणाले, आदेश एक तारखेचा आहे,
आदेशाला रंग वाळायची वाट बघावी लागत नाही.
मग दोघं माझ्याकडं वळले.
त्या वेळी फलकावर काय होतं?
शून्य, म्हटलं. एकटं शून्य.
मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.
टंकलेखकानं हसू लिहिलं नाही.

नंतर मी एकटाच गेलो, रविवारी, पहाटे,
यंत्रमागांचा खडखडाट नुकता जरा थांबलेला.
आरटीओच्या साहेबांनी कोर्टात सांगितलं होतं ते
पावलं टाकून मोजलं.
तीसनं येणारा खांबापाशी दचकला
तर पानटपरीपाशी उभा राहतो. तेरा मीटर.
पन्नासनं येणाऱ्याचा पाय
पानटपरीपाशी ब्रेकवर नुसता पोचतोय.
नर्सूबाईंची चप्पल सापडली
ती टपरीच्या पुढं, चार पावलांवर.
पुन्हा मोजलं. चारच.

निकाल आला. विरेशवर पंचाहत्तर टक्के,
बाईंवर पंचवीस,
रस्ता पट्ट्यांवरून ओलांडला नाही म्हणून.
पट्टे मीच मारायचे होते.
ते काम पुढच्या महिन्यात होतं.
शंभराची बेरीज बरोबर झाली,
माझं नाव कुठंच बसलं नाही त्यात.
सुटलो म्हणायचं, की राहून गेलो?

आता तीस आहे. ठळक, दोन हात दिलेले.
पोरं हॉर्न वाजवतात,
तीसनं कोण चालवतंय बे, मुंगी पुढं जाते.
रिक्षावाले शिव्या घालतात, सरकारला,
आणि ओळखीचे असले तर मलाही.
विरेश आता रसवंतीवर बसतो.
ऊस घालताना चरकाकडं बघतो, माझ्याकडं नाही.

परवा पट्टे मारायला गेलो, तेव्हा नर्सूबाई दारातच होत्या,
पाय स्टुलावर, आत सळई,
हात मात्र थांबत नाही, पान, तंबाखू, दोरा.
पैसे मिळाले, म्हणाल्या, चौथाई कापून.
पंचवीस टक्के म्हणजे किती रे?
म्हटलं, एक जुडी.
शंभर विड्यांच्या चार जुड्या होतात ना,
त्यातली एक तुमच्या नावावर.
त्यांनी दोरा दातांनी तोडला.
तीन त्या पोराच्या?
हो.
बऱ्याच वेळानं, सूप हलवत,
आणि तुझी कुठली?

ब्रशमधून पांढरा रंग रस्त्यावर टपकत होता,
जिथं पट्टा यायचा नव्हता तिथं.
डबा मात्र काठोकाठ भरलेला होता.
हल्ली मी भरलेलाच नेतो.