सहावी स्प्रिंग

एकोणीस वर्षांनी तेच इंजिन माझ्या टेबलावर.
पिकअपच्या हौद्यातून आम्ही चौघांनी उतरवलं.
नेरेइदा म्हणाली, "सालिनासच्या पट्टीवर, अर्ध्यात,
एकदम दम सोडला त्यानं.
बाबा सांगून गेलेत, काही झालं तर
एलेउतेरियोकडेच न्यायचं."
मी मान डोलावली.
तळाचा बोल्ट काढल्यावर काळं तेल निसटतं,
तसं पोटात काहीतरी निसटलं.

ह्या जातीत पिस्टन नसतात. वर-खाली काहीच नाही.
दोन फुगीर त्रिकोण, आपापल्या घरात गरगरतात.
प्रत्येक टोकाला खाच, खाचेत पट्टी,
पट्टीखाली स्प्रिंग, भुवईसारखी बाकदार.
भुवई सपाट झाली
की जाळ शेजारच्या खोलीत शिरतो
आणि गाडी नुसतीच ओरडते.

दोन त्रिकोण. सहा टोकं.
त्या शुक्रवारी खोक्यात स्प्रिंगा निघाल्या पाच.
मागवली असती तर मंगळवार उजाडला असता,
आणि आन्सेल्मोची शर्यत रविवारी.
मी जुनीच घेतली, रॉकेलात धुतली,
फडक्यानं पुसून चकचकीत केली
आणि बिलावर लिहिलं: नव्या, सहा.
पुढे मी स्वतःला मुलाच्या दम्याची गोष्ट सांगू लागलो.
मुलाला दमा होता, खोटं नाही.
पण त्या आठवड्यात नव्हता.

बसवताना तिच्या कडेला कानशीनं एक रेघ ओढली.
का, कोण जाणे.
चोरानं फोडलेल्या दारावर स्वतःचं नाव कोरावं, तशी.

मग किती रविवार!
पिवळी गाडी रेषेवर यायची, ब्रप ब्रप ब्रप,
जळक्या टायरचा धूर, तळलेल्या केळ्यांचा वास,
लोक पाट्यावरचे सेकंद बघायचे,
मी भिंतीला टेकून
सहावं टोक ऐकायचो.
जिंकून आला की आन्सेल्मो मिठी मारायचा.
"तुझ्या हातात जादू आहे रे!"
माझे हात त्याच्या पाठीवर,
कुठे ठेवावेत ते न कळून.

आज संध्याकाळी वीज गेली, नेहमीसारखी.
यारित्सानं बॅटरी धरली.
अठरा लांब बोल्ट, एकेक, क्रमानं, थोडे थोडे.
माझा हात कापत होता;
ती समजली, वयानं.

पुढचा त्रिकोण उचलला.
खाचेतून चिमट्यानं काढली ती,
रेघेसकट.
काळी पडलेली, पण बाक तसाच.
मोजली. पुन्हा मोजली.
केसाएवढी उतरली होती, बस्स.
बोटांत दाबली तर उलट ढकललं तिनं मला.

तुटलं होतं ते मागचं घर.
पट्टीचे तीन तुकडे, आतल्या क्रोमवर ओरखडे,
आणि त्या तुकड्यांखाली
माझी कोरी, पावतीसकट आणलेली स्प्रिंग.
तिचाही दोष नाही म्हणा.
मागच्या इंजेक्टरात गाळ, इंधन कमी पडलं,
आत भडका उडाला.

"मायेस्त्रो, हसताय कशाला?"
मी हसत होतो?
एकोणीस वर्षं जिचं भय धरलं
तिनं आपलं काम केलं होतं मुकाट,
आणि हे मला कुठेतरी आवडलं नाही.
निदान तुटायचं तरी होतंस बाई.
हिशेब फिटला असता.

रात्री कंदिलाच्या उजेडात अंदाजपत्रक लिहिलं.
पट्ट्या सहा. स्प्रिंगा सहा (ह्या वेळी दोनदा मोजल्या).
मागचं घर एक. इंजेक्टर चार.
आणि सगळ्यात खाली:
वजा, स्प्रिंग एक, एकोणीस वर्षांपूर्वीची.

सकाळी नेरेइदाचा फोन.
"शेवटची ओळ कळली नाही."
म्हटलं, न्यायला याल तेव्हा सांगतो.
जरा लवकर या मात्र,
चावी फिरवण्याआधी.
हे एकदा सुरू झालं
की ह्याच्यापुढे कुणाचंच काही ऐकू येत नाही.