दोन बोटं माया

ब्लाउज कापायच्या खाकी कागदाच्या पाठीवर
मी नव्या घराचा नकाशा काढला.
टेप तोच, गळ्यातला, साठ इंची,
गिऱ्हाइकांच्या दंडांना, कमरांना लावून लावून
पहिल्या सहा इंचांतले आकडे पुसलेला.
भिंतीला लावला आणि सवयीनं तोंडातनं गेलं,
श्वास सोडा ताई.

हॉल दोन टेप आणि वर एकवीस.
मशीन खिडकीशी, उजेड डाव्या खांद्यावरनं.
सर्जेराव म्हणाले, "एवढं लिहून काय करतीस,
सामान काय पळून चाललंय?"
मग स्वतःच पेन्सिल घेतली
आणि टीव्हीचा चौकोन बोटभर मोठा केला.

शुक्रवार पेठेतल्या घराला नकाशा नव्हता.
तिथं एकच माप चालायचं, उंची.
एकोणीस सालचं पाणी मीटरच्या डबीपर्यंत,
एकवीसचं त्याच्या वर चार बोटं.
रंग दिला तरी ओल ती रेघ पुन्हा काढायची.
रेघेखाली बादल्या, झाडू, चपला.
पोटमाळ्यावर, पत्र्याच्या पेटीत
रेशनकार्ड, स्नेहलच्या मार्कलिस्टा,
आणि लोकांची न शिवलेली कापडं.
जुलै लागला की मशीनचं डोकं काढून
मूल घ्यावं तसं कडेवर घेऊन
मी शिडी चढायची.
लोखंडी पाय खाली उभे राहायचे,
आठ-आठ दिवस, पाण्यात.

दस्तगीरच्या टेम्पोनं दोन फेऱ्या केल्या,
गंगावेशीतनं, रंकाळ्याच्या कडेनं,
संभाजीनगर ओलांडून कळंब्याकडं.
निघताना मालूताईंनी लोणच्याची बरणी दिली.
"आता पाणी आलं की आम्ही तुझ्याकडंच बघ!"
चेष्टाच होती ती.
मी टेम्पोतनं हात केला,
चेष्टेला उत्तर दिलं नाही.

तिसरा मजला.
कपाट लिफ्टमध्ये बसेना.
सगळं मापलं होतं, लिफ्ट तेवढी राहिली.
चौघांनी जिन्यानं चढवलं,
आडवं घ्या, उभं करा, जरा दमानं,
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंत खरडली,
तसं एक दार किलकिलं झालं.
हातात कणकेचा गोळा, एक बाई म्हणाल्या,
"नवीन का? पहाटे पाणी येतंय हं,
जपून ऱ्हावा."
माझा हात पेटीकडं गेला.
मग कळलं, नळाचं.

दुसऱ्या दिवशी दूध उतू घातलं,
शेगडी पुसता पुसता स्नेहल म्हणाली,
"आई, खालचे कप्पे सगळे मोकळे का गं?"
बघितलं तर खरंच.
धान्य वर, कागद वर,
मशीनचं डोकंसुद्धा कपाटाच्या डोक्यावर.
कमरेपर्यंत घर रिकामं,
तिसऱ्या मजल्यावर
पाण्याला जागा सोडून.

सर्जेराव हसले, मीही हसले.
मग कुणीच काही बोललं नाही.
कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

कापताना शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडतो आपण.
अंग भरतं माणसाचं. उसवून सैल करता येतं.
नकाशात मी ती सोडलीच नव्हती,
रेघेला रेघ लावून बसले होते.

तांदूळ खाली आणला. डाळी आणल्या.
मशीनचं डोकं पायांवर बसवलं, पट्टा चढवला,
एक चिंधी रिकामीच शिवून बघितली.
कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा तेवढा
पुसून तसाच ठेवला.

संध्याकाळी मालूताईंना फोन लावला.
म्हटलं, "जुलैच्या आत तुमची पेटी आणून ठेवा हिकडं.
कागदं, सोनंनाणं, काय असंल ते.
आणि गाद्या दोन मावतील, मी मापलंय."
पलीकडं बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
मग म्हणाल्या,
"बरणीतलं लोणचं हलवलंस का?
खालपर्यंत चमचा घाल.
तेल वरच ऱ्हातंय त्याचं."