खसखशीवरचे दागिने

पौषात उत्तरेचा वारा फिरला
की माझी थोरली जाऊ क्षेत्रमणी
अंधारातच उठते.
भिजलेला उडीद पाट्यावर वाटते,
मग परातीत एका हाताने, एकाच दिशेने
फेसत राहते,
खांदा भरून येईतो.
वाटीभर पाण्यात थेंब सोडून बघते.
तरंगला तर झालं,
बुडाला तर आणखी शंभर फेरे.

गयना बडी म्हणतात आमच्या तमलुककडे.
सांडग्यांचीच जात,
पण नटायची हौस असलेली.
फडक्याच्या पुरचुंडीला पत्र्याची चोच,
ताटभर पसरलेली खसखस,
आणि तिच्यावर हात न उचलता
शंख, मासोळी, मुकुट, झुमके.
उन्हात वाळेपर्यंत कावळे हाकायचं काम माझं.

मीठ मात्र ती चिमटीने मोजून घालते.
या घराचं मिठाशी जुनं देणंघेणं.
सासऱ्यांचे खापरपणजे मलंगी होते,
खाडीचं पाणी मडक्यांत आटवणारे.
मीठ कंपनीच्या वखारीत जायचं.
घरच्या पेजेत खडा सापडला
तर पाठीवर वळ.
पुढे एका चैत्रात अख्ख्या गावाने
नदीकाठी चुली मांडल्या, उघड्यावर, दिवसाढवळ्या.
शिपायांनी मडकी फोडली.
बायकांनी दुसरी आणली.

आणि बेचाळीस साली, ऐन पूजेच्या दिवसांत,
पाणी स्वतःच मीठ घेऊन शेतात आलं.
सासरे तेव्हा सहा वर्षांचे, ताडाला बांधलेले.
ते एवढंच सांगत:
भात पुढे कितीतरी दिवस खारट लागायचा,
आणि नंतर तोही नव्हता.

आमचे दोघींचे नवरे दिल्लीत, करोलबागेत,
एका पेढीवर सोनं घडवतात.
थोरले फोनवर म्हणतात, नवी नक्षी असली तर फोटो पाठव.
ती पाठवते.
गेल्या फाल्गुनात पेढीची चोपडी आली,
चौथ्या पानावर तिचीच फिरकी,
बावीस कॅरेटची.
तिने विचारलं, वजन किती?
अकरा ग्रॅम.
हसली. "माझी तर फुंकरीने उडते."
तिचे स्वतःचे कान मोकळे आहेत.
वादळाने छप्पर नेलं त्या वर्षीपासून
तिची फुलं गहाण आहेत.

जेठात तळं उपसलं
तेव्हा गाळातून एक खापर निघालं, तळहाताएवढं.
अर्धा चेहरा, एक कान, कानात कुंडल.
संग्रहालयाचे निर्मलेंदुबाबू सायकलवरून आले,
रुमालात धरून बघत राहिले.
म्हणाले, दोन हजार वर्षं तरी.
म्हणाले, इथे बंदर होतं,
जहाजं सिंहलाला जायची,
पोथ्या घेऊन परदेशी भिक्षू उतरायचे.
मग गाळ साचला, नदीने कूस बदलली,
समुद्र निघून गेला.
मी विचारलं, रुसून?
त्यांना ते आवडलं नसावं.

क्षेत्रमणी जहाजांचं काही ऐकत नव्हती.
तिने कुंडलावर नख फिरवलं,
आतून बाहेर, पुन्हा आतून बाहेर.
"फिरकी उलटी आहे," म्हणाली,
"करणारी डावखुरी होती."
बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
पावतीवर लिहिलं:
मृण्मय मूर्तीचा तुकडा, एक.
डावखुरीसाठी रकाना नव्हता.

या पौषात पहिल्याच दिवशी
तिने पुरचुंडी डाव्या हातात घेतली.
पहिली फिरकी फिसकटली.
दुसरी मधेच तुटली.
तिसरी म्हणावी तर गोगलगाय.
ताटभर असलंच काहीबाही,
तरी ते उन्हात ठेवलं,
आणि मी त्यावरचेही कावळे हाकले.

दुपारी मोहरीच्या तेलात तळून
मुगाच्या वरणाशी आम्ही दोघींनी ते खाल्लं.
कुर्र वाजलं दातांखाली.
मीठ थोडं जास्त झालं होतं.
मी बोलले नाही.
ती म्हणाली, "उद्या पुन्हा डावा."