एकटीला उचलवेल एवढी

मोठी दुर्बीण आम्हा दोघींची होती.
आठ इंची आरसा, पाण्याच्या पिंपाएवढी नळी.
नळी माझ्याकडे, बूड सुलू मुंगीकडे,
आणि सुदामा नगरातल्या तीन जिन्यांच्या
प्रत्येक वळणावर तोच वाद:
आधी कोणी वळायचं.

सुलू आता मुलाकडे, बाणेरला.
बूड इथेच आहे. त्यावर कोरफडीची कुंडी.

सियागंजात मुर्तझाभाईंनी काउंटरवर
फलालीन अंथरलं, तीन दुर्बिणी मांडल्या,
भिंगांच्या, आरसा नसलेल्या,
शालू दाखवावेत तशा, हळूहळू महागाकडे सरकत.
बहात्तर मिलिमीटर. ऐंशी. एकशेदोन.
मी म्हटलं, किमती मागाहून. आधी काटा.

शेजारी मसाल्याची पेढी.
धण्याच्या पोत्यांमधल्या काट्यावर
एकशेदोनची चढली: पाच किलो, स्टँड सोडून.
ऐंशी, तीन भिंगांची, साडेतीन.
बहात्तर, दोन भिंगांची.
दोन किलोला एक वेलची कमी,
काटेवाला म्हणाला आणि हसला.
माझं कोपर एकसष्ट वर्षांचं आहे.
त्यानं तिथल्या तिथे मत दिलं.

मुर्तझाभाई सरळ माणूस. म्हणाले,
दोन भिंगांत व्याधाच्या कडेला
जांभळं उमटेल थोडं, तीनांत नाही उमटत.
मात्र तीन भिंगं थंडीत रुळायला तास घेतात.
आणि पैसे नळीत कमी घाला, पायांत जास्त.
फोटो नळी काढत नाही, मॅडम,
न हलणं काढतं.

हे मी पावतीच्या मागे लिहून घेतलं.
पावतीची पुढची बाजू घरात कुणाला दाखवलेली नाही.

मोठीतून शनीच्या कड्यातली फट दिसायची.
हिच्यातून एखाद्या रात्री दिसेल,
एरवी मानून घ्यावी लागेल.
हे कबूल करूनच घेतली.

मार्गशीर्ष अमावास्या. मानपूरची बस.
जुन्या रजईतून शिवलेली पिशवी मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, हारमोनियम है क्या, माताजी?
मी म्हटलं, हो.

आमच्या शाळेतल्या गेंदालालच्या भावाचं हरभऱ्याचं शेत.
ईशान्येला इंदूर, क्षितिजावर पिवळं,
सराफ्यातल्या तव्यावर तूप पसरावं तसं.
बाकी सगळीकडे आकाश,
इतकं की आधी बसूनच घेतलं.

मग कृत्तिका.
कॅमेऱ्याच्या चौकटीत सगळ्या मावल्या,
भोवतीच्या धुरकट निळ्यासकट, वर थोडी जागा उरली.
मोठीत त्या कधी मावल्याच नव्हत्या.
वीस वर्षं आम्ही दोघींनी
त्यांना तुकड्यातुकड्यांनी पाहिलं
आणि वाटायचं, एवढ्याच असतात.

तीस-तीस सेकंदांचे एकशेचाळीस फोटो.
तोवर चालायचं नाही, जमीन हलते.
मी स्टुलावर बसून शेंगा सोलल्या,
टरफलंसुद्धा हळूच टाकली.
गेंदालालचं कुत्रं स्टँडपाशी येऊन हुंगलं,
त्या वेळचे चार फोटो गेले.

शेवटी एक व्याधाचा.
आली, जांभळी कड आली,
जांभळाचा डाग ओठाला राहावा तशी.
भाचा म्हणाला, पुसता येते, दोन मिनिटांचं काम.
मी तसाच सुलूला पाठवला.

तिचं उत्तर पहाटे आलं, मी पहिल्या बसची वाट बघत असताना:
कड राहू दे.
आणि जिना उतरताना आधी कोण वळलं?

दोन किलोला वळावं लागत नाही.
हे तिला अजून कळवलेलं नाही.