कोठा

फोंड्याच्या बाजारात, चपलांच्या दुकानावरच्या माडीवर
एकतीस वर्षं मी कवळ्या केल्या.
आता शिरोड्याला परसात चार कोंबड्या.
त्यांना दात नाहीत म्हणून
नावं दिली आहेत दातांची:
पटाशी, सुळा, दाढ,
आणि सगळ्यात उशिरा आलेली ती अक्कल.

कोंबडी चावत नाही.
टिपते, गिळते, पुढचं पुढे.
दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत मुक्कामाला,
मग खालच्या जात्यात.
आणि त्या जात्याला दगड बाहेरून लागतात,
ते तिनेच गिळायचे असतात.
हे मला साठी उलटल्यावर कळलं.

त्याआधी मी गिळलं ते निराळं.
अवधूत, माझा थोरला.
त्याच्या जबड्याचा साचा अजून माझ्या फळीवर आहे,
प्लास्टरचा, अठ्ठ्याण्णव सालचा,
डावीकडे हिरडी जरा खचलेली.
मी बसवलेले दात तोंडात घालून
तो एजंटाशी बोलला,
आणि खाजनाकाठचा आमचा दोघांचा तुकडा
व्हिलावाल्याला गेला.
मी सही केली. बोललो काही नाही.
अकरा वर्षं झाली,
ते अजून इथंच आहे, शर्टाच्या पहिल्या गुंडीखाली.

परवा पहाटे पटाशी कोपऱ्यात,
मान आखडून, डोळे अर्धे.
हात लावला तर पिशवी कैरीसारखी टणक.
रात्री भरलेली पिशवी पहाटे रिकामी हवी,
एवढा एकच हिशेब असतो कोंबडीचा,
आणि तोच चुकला होता.

एस्मेराल्दबाय कुंपण ओलांडून आली, न बोलावता.
पटाशीला काखेत धरलं,
चोचीत खोबरेलाचे थेंब सोडले,
आणि कणकेतली गुठळी मोडावी तशी
अंगठ्यानं ती गाठ मळत राहिली,
माझा चहा निवून त्यावर साय येईपर्यंत.

'काथो खाल्ला तिणें,' म्हणाली.
'आनी खडी खंय तुजी?
सगळें मोव मोव दिलें जाल्यार
पोट कितें करतलें?'

खरं होतं. मी लाड करत होतो.
ताकात दोन रात्री आंबवलेला कोंडा,
उकड्या तांदळाची पेज,
शेगटाचा पाला, तोही बारीक चिरून.
कवळीवाल्याची सवय:
समोरच्याला चावावं लागू नये.

संध्याकाळी डबा घेऊन निघालो.
खाजनाकडे वळताना रस्त्यालगत खडीचा ढीग आहे,
व्हिलाच्या पोहायच्या तळ्यासाठी ओतलेला,
आमच्याच जमिनीच्या तोंडाशी.
अकरा वर्षांत मी त्या वळणावर मान वळवली नव्हती.
वॉचमननं विचारलं, घर बांधताय काका?
म्हटलं, नाही. जातं.

मग परसात, दिवा लावून,
मुगाएवढी चुरी चाळली.
तिसऱ्यांचे शिंपले भाजले, कुटले,
ते वेगळ्या वाटीत, ज्याला जे हवं ते.
सुळा धावत आली. दाढही.
अक्कलनं आधी बाकीच्यांना खाऊ दिलं,
कुणी मरत नाही बघून मग चोच घातली.

पटाशी दोन दिवस लसणीच्या पाण्यावर आणि दह्यावर.
तिसऱ्या दिवशी तिनं एक खडा टिपला,
काळा, माझ्या वाट्याच्या जमिनीवरचा,
मान वर केली,
आणि तो खाली जाताना
मला तिच्या गळ्यात दिसला.

रात्री साचा फळीवरून काढला.
पुसला. परत ठेवला.
हिरड्या झिजतात, कवळी ढिली पडते,
त्याचीही पडली असणार आत्तापर्यंत,
जेवताना कट्‌कट् वाजत असेल.
हे मला कुणी सांगितलेलं नाही.
धंद्यातलं ज्ञान आहे.

आज पहाटे पिशवी रिकामी.
आणि पायरीवर, अगदी मधोमध:
तपकिरी, घट्ट, वर पांढरी टोपी.
एस्मेराल्दबायला हाक मारून दाखवली.
दोघं तिथं उभे राहून बघत होतो,
कुणाच्या तरी नव्या घराकडे बघावं तसे.